निर्दोषांची वही

सौ. कमलताई वानखडे यांचा व माझा परिचय वादातून झाला, हे या गौरवग्रंथात प्रारंभीच सांगितलेले बरे. धामणगाव रेल्वेजवळच्या एका गावी श्रीदत्तांची प्रतिष्ठापना व्हायची होती व तिचे पौरोहित्य माझ्याकडे होते. अडीच फुटांची पितळी मूर्ती मध्य प्रदेशातल्या कारागिरांनी घडवली होती. ती आणण्यासाठी गावकऱ्यांनी टेम्पो केला आणि सोबत मला पाठवले. मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळचा होता. वरूडला पोचण्याआधी, राज्याच्या सीमेवरच्या तपासणी नाक्यावर आमची गाडी थांबवण्यात आली.

तेथे वाहन एका उंच चौकटीतून सावकाश पुढे सरकते, क्ष-किरण त्याच्या आरपार जातात आणि शेजारच्या खोलीतील पडद्यावर आतले चित्र उमटते. धातू निळा दिसतो. फळे, लाकूड, कापूस नारिंगी दिसतात. ते चित्र वाचणे हे कमलताईंचे काम. ताई मूळच्या अकोल्याच्या. तेथील एका रुग्णालयात त्यांनी अनेक वर्षे माणसांच्या छातीची व हाडांची चित्रे काढली आणि मग त्या या नाक्यावर आल्या.

आमच्या मूर्तीच्या पोटात पडद्यावर एक गडद गोळा दिसला, त्यात आडव्या रेघा, आणि खाली बैठकीत एक ठिपका. तेथील तरुण अधिकारी म्हणाले, "देवाच्या नावाखाली लय माल जाते, गुरुजी. बैठक कापून पाहा लागन."

कापलेली मूर्ती खंडित ठरते आणि खंडित मूर्तीची प्रतिष्ठा होत नाही. गावात मांडव घातला होता, लेकी माहेरी आल्या होत्या. मी जानव्याला हात लावून म्हणालो, "मूर्ती आतून रिकामी आहे. शपथेवर सांगतो."

पडद्यावरची नजर न काढता कमलताई म्हणाल्या, "गुरुजी, शपथ मांगं घ्या. रिकामी नाही ते."

"म्हणजे मी खोटे बोलतो?"

"तुमी खोटं बोलून राहिले असं नाही म्हणत मी. तुमाले माहीत नाही, एवढंच म्हणून राहिली."

टेम्पोचा चालक गजानन माझ्यामागून हळूच म्हणाला, "घ्या ना मांगं, गुरुजी. त्याले काय टॅक्स लागते?"

आयुष्यभर शास्त्र वाचलेल्या माणसाला हे लागले. परंतु मूर्तीच्या आत मी कधी पाहिले नव्हते, हेही खरे होते. मी शपथ मागे घेतली.

तेव्हा ताईंनी खणातून एक जाड वही काढली. अशा नाक्यांवर पकडलेल्या मालाची चित्रे जपून ठेवतात. नव्या माणसांना शिकवण्यासाठी ती लागतात. ताईंच्या वहीत मात्र उलट होते. संशयावरून उघडलेल्या आणि आत काहीच गैर न सापडलेल्या वाहनांची चित्रे त्यांनी त्यात चिकटवली होती. प्रत्येकाखाली त्यांच्या हातचा मजकूर: काय वाटले, काय निघाले. पहिल्या पानावर एक पितळी घोडा होता.

तो घोडा एका वृद्ध आदिवासी बाईंच्या कुळदेवतेचा. त्याच्या पोटातला गोळा पाहून ताईंनीच तो संशयित ठरवला आणि त्यांच्या शब्दावर तो कापला गेला. आत माती आणि खिळे निघाले. पितळेची पोकळ मूर्ती ओतताना आत मातीचा गाभा ठेवतात व तो हलू नये म्हणून त्यातून लोखंडी खिळे आरपार घालतात. पुष्कळ कारागीर तो गाभा नंतर काढत नाहीत. हे ताईंना ठाऊक नव्हते. बाईंनी घोड्याचे दोन्ही तुकडे पदरात बांधले आणि त्या निघून गेल्या. पुढच्या सुटीत ताई त्यांच्या पाड्यावर जाऊन क्षमा मागून आल्या. वहीचा आरंभ त्या दिवशी झाला.

अधिकाऱ्यांनी दोन्ही चित्रे शेजारी ठेवली. गाभ्याची छटा तीच, खिळ्यांची जागाही तीच. तरी ते म्हणाले, "तो घोडा होता, ताई. आन् हा बैठकीतला ठिपका घोड्यात कुठी आहे?"

प्रश्न योग्य होता आणि ताईंनी तो योग्य मानला. "बरोबर आहे, सायेब. म्हणूनच कापायचं नाही, फिरवायचं."

मागच्या संत्र्यांच्या ट्रकवरची चार माणसे बोलावून मूर्तीची पेटी पाव फेरा वळवण्यात आली आणि टेम्पो पुन्हा चौकटीतून नेला. मागे रांग वाढत होती, भोंगे वाजत होते. ताईंना घाई नव्हती. दुसऱ्या चित्रात तो ठिपका पसरून बारीक रेघ झाला. बैठकीचा पत्रा बसवताना वितळलेल्या धातूने सांधून दिलेला तो डाख होता. अधिकाऱ्यांनी बराच वेळ पाहिले आणि सही केली. ताईंनी वहीत नवे पान उघडले.

निघताना त्यांनी मला विचारले, "गुरुजी, देवाच्या पोटात पाहिलं. दोष लागते का?"

मी म्हणालो, "प्रतिष्ठेपूर्वी ती मूर्ती म्हणजे कारागिराच्या हातचा धातू. दोष नाही."

"मंग ट्रकातल्या माणसाचं सांगा. त्याची प्रतिष्ठा तर जल्मतःच झालेली असते."

हा विनोद नव्हता, हे मला पुढे कळले. किरण सोडण्यापूर्वी वाहनात कोणी राहता कामा नये, असा नियम आहे आणि तसे चालक लिहूनही देतो. ताई त्या लेखी शब्दावर थांबत नाहीत. त्या स्वतः वाहनाभोवती फिरतात, फळ्यांवर तळहाताने थापा मारतात आणि "कोनी आहे का बाप्पा आत?" असे विचारून कान देतात. एकदा क्रेटांच्या मागून खोकला ऐकू आला. तापाने फणफणलेली, संत्री तोडणारी एक मजूर बाई तेथे निजली होती. मुकादमाने सगळे उतरल्याचे सांगितले होते, आणि तसे त्याला वाटतही होते. ताईंनी त्याला रागावण्याआधी बाईंना पाणी दिले. मग मात्र रागावल्या.

माझ्या पत्नीच्या छातीच्या चित्रात डाग निघाला, तेव्हा आम्ही घाबरून ताईंना दूरध्वनी केला. दुसऱ्याच दिवशी त्या आमच्यासोबत अकोल्यास आल्या. निदान त्यांनी केले नाही. तो आपला अधिकार नाही, असे स्पष्ट सांगितले. मात्र डॉक्टर येईपर्यंत त्या हिच्या शेजारी बसून संत्री सोलून देत राहिल्या. डाग जुन्या आजाराचा व्रण निघाला.

या लेखात घोड्याची हकिगत घ्यावी की नाही, असे मी ताईंना विचारले होते. त्या म्हणाल्या, "तेच तर लिहा. बाकी कायले लिहिता?" नव्या मुलामुलींना शिकवताना त्या आजही तेथूनच आरंभ करतात.

मूर्ती मुहूर्तावर गावी पोचली. प्रतिष्ठेपूर्वी मी यजमानांना व मंडळींना सांगितले की मूर्तीच्या पोटात माती आणि चार खिळे आहेत. कोणाची हरकत असल्यास आत्ताच सांगावी. मग एक वयस्कर शेतकरी बसल्या जागेवरून म्हणाले, "आपल्या पोटात दुसरं काय आहे, गुरुजी? करा सुरू." मी संकल्प सोडला. इतक्या प्रतिष्ठा केल्या, पण ज्या मूर्तीचे अंतरंग मला ठाऊक होते अशी ती पहिलीच, आणि त्या दिवशी मंत्र म्हणताना माझा स्वर अधिक स्थिर होता.

कमलताईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. आमच्या परंपरेतील प्रार्थनेत शंभर शरद ऋतू आधी पाहण्याचे मागणे आहे, जगण्याचे त्यानंतर. हा क्रम असा का, याचा मी लहानपणापासून विचार करीत आलो. ताईंसाठी श्रीदत्तचरणी मागणे मागतो ते त्याच क्रमाने: त्यांची नजर शंभर शरद निर्मळ राहो, आणि तितकेच आयुष्य त्यांना निरोगी लाभो.