कुंदाचा गुरुवार

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. यजमानांना सांगितलं नाही, आणि आता ते नाहीत. धाकट्या बहिणीला सांगायला दोनदा तोंड उघडलं होतं, पण विषय बदलला. तुम्ही मला ओळखत नाही — कदाचित म्हणूनच जमेल. सावकाश लिहिते आहे. मध्येच थांबले तर समजून घ्या.

मागच्या आठवड्यात माझी नात सातवीचा गृहपाठ घेऊन बसली होती. इंटरनेटवर तीन ठिकाणी नागपूरचं तापमान शोधायचं आणि ताडून पाहायचं. तिन्हीकडे वेगळे आकडे आले. तिनं सहज विचारलं, "आजी, मग यात खोटं कोण?" मी उठले, आत जाऊन पाणी प्यायले. एका मुलीच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर मी फार पूर्वी देऊन बसले होते. ती मुलगी, कुंदा, वारली त्याला आता जेमतेम महिना झाला आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नंदनवनकडच्या एका शाळेत मी सातवीला भूगोल शिकवायची. नोकरी कायम व्हायची होती. हवामान नुसतं पुस्तकातून शिकवायचं नाही, असं मनाशी ठरवलं होतं. शाळेचा एकुलता एक तापमापक मी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, व्हरांड्यातल्या भिंतीवर टांगला. दुसरीकडे टांगला असता तर पोरांनी फोडला असता. सोमवार ते शनिवार, सहा मुलांना एकेक वार ठरवून दिला. दुपारी पारा बघायचा आणि भिंतीवरच्या तक्त्यात लिहायचा. संध्याकाळी रेडिओवर हवामान ऐकायचं, सकाळी शाळेच्या वाचनालयात वर्तमानपत्रातला वेधशाळेचा आकडा बघायचा आणि तो शेजारच्या रकान्यात उतरवायचा. नियम एकच होता: आधी आपला आकडा, मग छापलेला. फरक पडला तर तो का पडला, हे शोधायचं. किती अभिमानानं सांगितलं होतं मी हे!

कुंदाचा वार गुरुवार होता. ती नरखेडकडच्या खेड्यातली, मामाकडे राहून शिकायची. मामाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पोरगी चांगली शिकली तरच शहरात ठेवायची, असं बापाचं आणि मामाचं ठरलेलं होतं. हे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा — मला माहीत होतं.

मुख्याध्यापकांना ऊन सोसत नसे. होळी झाली की त्यांच्या खिडकीला वाळ्याचा पडदा लागायचा, साऱ्या शहराच्या आधी. शिपाई गणपतराव बाहेरून त्यावर तांब्यातांब्यानं पाणी मारायचे. पडदा लागला आणि तक्ता बिघडला. आमचा पारा वेधशाळेपेक्षा बराच खाली दिसू लागला. बाकीच्या पाच मुलांनी आपापल्या परीनं उपाय शोधला. ती दुपारी रकाना मोकळा ठेवायची आणि सकाळी वर्तमानपत्र बघून भरायची, एखादा अंश इकडे-तिकडे करून. हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. तक्ता सुबक येत होता. मी तो तसाच येऊ दिला.

कुंदा मात्र दिसेल ते लिहायची. पोरं तिला छळायची: "काहून वं कुंदे, नरखेडले बरफ पडून राहिलं का?" ती हसून म्हणायची, "पडून राहिलं. ये, तुले गोळा करून देतो." अशी होती ती. तेव्हा.

एका दुपारी मी व्हरांड्यात उभी होते. गणपतरावांनी पडद्यावर पाणी मारलं, शिंतोडे तापमापकावर उडाले, आणि माझ्या डोळ्यांदेखत पारा उतरू लागला. भिजलेल्या काचेला कोरडा वारा लागत होता. माठातलं पाणी गार होतं, तसंच. एवढी साधी गोष्ट. चूक तापमापकाची नव्हती, कुंदाची तर नव्हतीच. जागा चुकली होती, आणि ती जागा मी निवडली होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगायला हवं होतं. भूगोलाचा याहून चांगला तास कुठला असता? पण तपासणी आठवड्यावर आली होती. मुख्याध्यापकांनी माझा उपक्रम वर कळवून ठेवला होता. तपासणी होऊन जाऊ दे, मग सांगू, असं मी म्हटलं.

तपासणीला आलेले साहेब तक्त्यापुढे बराच वेळ उभे राहिले. सगळे आकडे जुळत होते, फक्त दर गुरुवारी खड्डा. "हे काय?" त्यांनी विचारलं. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी — किती सहज बोलले मी! — "ही मुलगी नीट बघत नाही साहेब. मनानंच काहीतरी लिहिते."

वर्ग हसला. कुंदा उभी राहिली. "मी पाह्यलं होतं, बाई," एवढंच म्हणाली. मी तिला खाली बसायला सांगितलं.

नोकरी जाईल म्हणून घाबरले होते — हे कारण मी स्वतःला अनेक वर्षं दिलं. त्या दिवसापुरतं ते खरंही असेल. पण मला जे सांगायचं आहे ते हे नाही. इथवर आले आणि पुन्हा हात थांबतो आहे.

तपासणी पार पडली. नोकरी कायम होणार, हे मला कळलं. मी तापमापक काढून कपाटात ठेवला. पोरं कुंदाला आता नाव घेऊन हाक मारत नव्हती, "मनानं" म्हणत होती. अशात एका संध्याकाळी तिचा मामा शाळेच्या फाटकाशी आला. हाताला वंगण तसंच होतं, दुकान अर्धवट टाकून आला असावा. आसपास कुणी नव्हतं.

"बाई, तुमीच सांगा," तो म्हणाला. "पोरगी म्हणते मी खरंच लिवलं होतं. रडून राहिली दोन दिवसांपासून. लबाड बोलत असंल तं नेऊन टाकतो गावाले, तिच्या बापाले काय तोंड दाखवू मी? पण तुमी म्हणसान खरी हाय, तं खरी हाय. माहा तुमच्यावर भरोसा हाय."

सांगा, आता कशाची भीती होती? साहेब नव्हते, मुख्याध्यापक नव्हते. एक वाक्य पुरलं असतं. त्याला पारा न् वेधशाळा समजली नसती, पण "खरी आहे" हे समजलं असतं. तो तेवढंच मागत होता.

मी म्हणाले, "तिचं अभ्यासात लक्ष नाही. गावाकडेच बरी राहील."

का? हे लिहायलाच बसले आहे. ती वर्गात होती तोवर माझ्याकडे बघत होती. रागानं नाही — रागानं बघितलं असतं तर सोसलं असतं. बाई आज सांगतील, उद्या सांगतील, अशी वाट बघत होती. ते डोळे मला समोर नको होते. म्हणून मी तिला घालवली.

परीक्षा झाली आणि मामा तिला गावी सोडून आला. आठवीत तिचं नाव नव्हतं.

यंदा ती वारल्याचं मामाचं दुकान आता चालवणाऱ्या तिच्या मामेभावाकडून कळलं. तेरवी झाल्यावर मी त्याच्याबरोबर एसटीनं गेले. मोसंबीचा मळा, दोन मुलं, सून, नातवंडं. शाळेतल्या बाई आल्या म्हणून त्यांनी खुर्ची दिली. सून बोलकी होती. सासूबद्दल बोलताना मध्येच हसायची, मध्येच डोळे पुसायची.

"आई काई काटा पाह्यच्या नाही," ती म्हणाली. "मोसंबी मोजाची असो, का मीटर पाहाचं असो. एसटीची पाटीसुद्धा दुसऱ्याले वाचाले लावत. म्हणत, मले बरोबर दिसत नाही, बाईनं लहानपणीच सांगितलं होतं. डोळे तं असे होते बाई त्यायचे, चिमणीच्या उजेडात सुईत दोरा ओवत!"

मग म्हणाली, "तुमचं नाव मात्र चांगलंच घेत. म्हणत, बाईची काई चूक नाही, माहंच ध्यान नव्हतं."

सगळे माझ्याकडे बघत होते. तेव्हाही सांगता आलं असतं. मी चहाचा कप खाली ठेवला. सून पाया पडायला वाकली, आणि मी तिला पडू दिलं.