हरलेल्या मॅचची डीव्हीडी

पार्सिपनीतले आमचे शेजारी एका प्रोफेशनल अमेरिकन फुटबॉल टीमसाठी कॉलेजची पोरं पारखतात. अमेरिकन माणूस, पण बोलणं मोजकंच. मॅच लावली की आधी आवाज बंद करतात. म्हणतात, "कॉमेंटेटर सगळ्यांनाच हिरो करतो."

आमचा नील कॉलेजच्या टीमचा पास रशर, म्हणजे समोरच्या टीमच्या बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर धावून जाऊन त्याला पाडणारा. डिग्री अर्धवट सोडून त्यानं प्रो व्हावं का, हे विचारायला आम्ही शेजाऱ्यांना जेवायला बोलावलं. आमच्या ह्यांनी नीलच्या निवडक पराक्रमांची डीव्हीडी लावली, मुलीकडच्यांना मुलाचा फोटो दाखवावा तशी. शेजाऱ्यांनी ती काढायला लावली.

"एखादी हरलेली मॅच आहे?" त्यांनी विचारलं. ह्यांनी नाइलाजानं तीही डीव्हीडी शोधून लावली.

पुरणपोळी गार होईस्तोवर त्यांनी ती आवाज बंद करून पाहिली. नजर बॉलवर नव्हतीच, नीलच्या पायांवर होती. शेवटी नीलला म्हणाले, "सुरुवात झकास करतोस. पण अडवल्यावर तुला दुसरं काही सुचत नाही. प्रोमध्ये दर वेळी अडवतील. डिग्री पूर्ण कर."

ह्यांचा चेहरा उतरला. माझा जीव भांड्यात पडला, पण ते दाखवायचं कसं? मी तूप वाढलं.

"थँक गॉड, आई! मलाही डिग्रीच पूर्ण करायची होती," नील म्हणाला.

शेजारी हसले, आणि रिमोट उचलून त्यांनी पहिल्यांदाच टीव्हीचा आवाज मोठा केला.