खडूची रेष

फौजेत रडारवर नोकरी करून परतलेला तो मेकॅनिक आष्ट्याहून आमचा टीव्ही दुरुस्त करायला यायचा. काम झालं की पडद्यापासून सहा पावलं मोजायचा आणि फरशीवर खडूने रेष ओढायचा. "लहरी दिसत न्हाईत, पर अंगाला लागत्यात. ह्याच्या फुडं बसायचं न्हाई."

आईची नजर अधू झाली, तरी ती रेषेमागेच बसायची.

"काय दिसतंय, आई?" मेकॅनिकने एकदा विचारलं.

"निळा उजेड. जत्रंतल्यासारखा."

त्याने ओल्या फडक्याने रेष पुसली, आईची खुर्ची पडद्याजवळ सरकवली. "बसा निवांत. लहरींना मी सांगतो."

स्वतः मात्र पुसलेल्या रेषेमागे जाऊन उभा राहिला.