बाजेवरचं ब्रॅकेट

गंगाखेडच्या आमच्या बांधकाम खात्याच्या ऑफिसात किस्से कुणी मुद्दाम जमवत नव्हतं. नदीकाठी गाळ साचावा तसे ते आपोआप साचायचे. मी तिथं टाइमकीपर होतो, म्हणजे दुसरे काय करतात ते बघत बसणं हेच माझं काम. पण मोटरबोटीच्या वर्षात मी जे बघितलं, त्यातलं निम्मं मला अजूनही कळलेलं नाही.

निजामी जाऊन थोडीच वर्षं झाली होती. वरून हुकूम आला की लढाईत वापरलेली एक लष्करी बोट पुरासाठी मिळतेय. पावसाळ्यात ती मोटरीवर चालवून दाखवायची. नाही जमलं तर बोट दुसऱ्या जिल्ह्याला जाणार.

याचा सगळ्यात जास्त घोर लिंबाजी भोयाला. घाटावरची त्याची जुनी नाव सडली होती आणि लेक सखू गंगेपल्याड, म्हणजे गोदावरीच्या पलीकडं, दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण, तेही ऐन पावसाळ्यात.

"सासू खुरपणी उरकल्याबिगर धाडत न्हाई म्हनायली," तो रोज ऑफिसात येऊन सांगायचा. "तवर गंगा भरनार. बोट गेली तर लेकराला मी कसं आनू, साहेब?"

आम्हाला त्याच्याकडं बघवायचं नाही.

*

बोटीच्या आधी एक खोकं आलं. आत एक लोखंडी हात, आवळायचे दोन मोठे स्क्रू आणि टोकाला जाड फळी. ओव्हरसियर रंगनाथरावांनी ते चारी बाजूंनी फिरवून बघितलं आणि म्हणाले, "हे बोटीचं नसावं."

आमचे मेकॅनिक करीमचाचा म्हणाले, "साब, बोट तो आने दो. फिर समजेगा."

तोवर ते हरवू नये म्हणून रंगनाथरावांनी घरी नेलं. उन्हाळ्याचे दिवस. वहिनींनी ते बाजेच्या लाकडाला आवळलं आणि फळीवर शेवयांचं मशीन बसवलं. जरासुद्धा हलेना. आळीतल्या सगळ्या बायकांनी त्यावर शेवया पाडून घेतल्या.

"सरकारनं पहिल्यांदाच कामाची वस्तू दिली बघा," वहिनी मला म्हणाल्या. शेवया खाताना मलाही ते पटलं.

*

मग बोट आली, सोबत एक सुटी मोटर. दोन्ही टोकं सारखीच निमुळती! मोटर मागं लटकवायची म्हणतात, पण या बोटीला मागचं असं काही नव्हतंच.

"पुढचं टोक कोणतं रे?" रंगनाथरावांनी लिंबाजीला विचारलं.

"जायचंय तिकडचं."

"आणि यायच्या वेळी?"

"तवा दुसरं."

दोन दिवस ऑफिसात दुसरा विषय नव्हता. तिसऱ्या दिवशी रंगनाथराव घरी जेवत असताना त्यांची नजर बाजेकडं गेली. मशीन बाजेच्या बाहेर लटकत होतं आणि शेवया खाली सुटत होत्या. ते तसेच उष्ट्या हातानं उठले. "अगं, ही बाज म्हणजे बोट, आणि हे मशीन म्हणजे मोटर!"

वहिनींनी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. मग मला बोलावणं धाडलं.

*

खोक्यातलं ते ब्रॅकेट बोटीच्या कडेला आवळून मोटर त्यावर टांगली, आणि पहिली चाचणी झाली. मोटर एका अंगाला असल्यामुळं बोट गोल फिरायला लागली. करीमचाचा दांडा इकडं करत, तिकडं करत, पण ती घाटासमोर फिरतच राहिली.

घाटावर स्नानाला आलेल्या लोकांना वाटलं, सरकारी बोट गंगेला प्रदक्षिणा घालायलीय. कुणीतरी हात जोडले, मग सगळ्यांनी जोडले. ते बघून बोटीतून रंगनाथरावांनीही जोडले. बोट काठाला लागल्यावर बायकांनी ब्रॅकेटला हळदीकुंकू लावलं आणि नारळ फोडला.

"आता पावली म्हना आन् हिला सरळ जायला सांगा," लिंबाजी म्हणाला. तो एकटाच हसत नव्हता.

ब्रॅकेट पुन्हा बाजेवर गेलं. वहिनींच्या शेवया राहिल्या होत्या.

*

आणि मग पूर आला. निरोप्या वरच्या रेल्वेपुलावरून चालत, लांबचा वळसा घालून आला, सखूचे दिवस भरत आले होते.

आम्ही सगळे भर पावसात घाटावर. करीमचाचांनी मोटर बोटीत नेऊन ठेवली आणि ब्रॅकेट आणायला रंगनाथरावांच्या घरी पळाले. दाराला कुलूप. वहिनी शेजारी गेलेल्या. चाचा हात हलवत परत येतात तर बोट पाण्यात. त्यांना वाटलं, साहेबांनी ब्रॅकेट आणलं असणार. साहेबांना वाटलं, चाचांनी बसवलं असणार. पावसानं पलीकडचं काही दिसत नव्हतं, आणि गंगेच्या आवाजात मोटरीचा आवाज कुणाला ऐकू येतोय? लिंबाजी आणि त्याचा भाऊ गेले, एवढंच आम्ही बघितलं.

तो वेळ कसा गेला ते विचारू नका. रंगनाथराव कधी नव्हे ते देवाचं नाव घेत होते.

बोट परत लागली ती खूप खालच्या अंगाला. आत घोंगडी पांघरून सखू. रंगनाथरावांचे डोळे भरून आले. तिथूनच त्यांनी शिपायाला तार करायला पिटाळलं: चाचणी यशस्वी, बोट इथंच ठेवावी.

सखूला ऊब हवी म्हणून आधी घाटाजवळच्या त्यांच्याच घरी नेलं. वहिनींनी चूल पेटवली, शेवयांची खीर टाकली आणि तिला बाजेवर बसवलं. बाजेच्या काठाला, हळदीकुंकवासकट, ब्रॅकेट.

रंगनाथरावांनी चाचांकडं बघितलं. चाचांनी माझ्याकडं बघितलं. मग आम्ही तिघांनी लिंबाजीकडं बघितलं. तो सोलवटलेले तळहात धोतरात लपवून दारातून पाऊस बघत होता.

"सखू," रंगनाथरावांनी हळूच विचारलं, "पोरी, मोटर कशी काय चालली गं?"

"मोटर व्हय?" सखू खिरीची वाटी हातात घेत म्हणाली. "ती माज्या पायापाशीच व्हती की. पानी लय आत यायलं, म्हनून मी तिच्यावर पाय ठिवून बसले."