स्टेशनच्या जिन्याखालची जागा

अंबडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका नाक्याच्या फुटपाथवर माझी आई बावीस वर्षं भाजी विकायला बसत होती. मेथी, कोथिंबीर, पालक, दसऱ्याला झेंडू, सगळं आमच्याच वाफ्यातलं. कारखान्यांची पाळी सुटली की कामावरच्या बायका तिच्यापुढे थांबायच्या आणि तासाभरात गोणपाट रिकामं व्हायचं.

मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंगचं काम करते. शहरात खांबांवरून धावणारी रेल्वे येणार असं ठरलं, तेव्हा एका स्टेशनचा आराखडा आमच्याकडे आला. वर प्लॅटफॉर्म, मधल्या मजल्यावर तिकीटखिडक्या आणि तिथून रस्त्याच्या दोन्ही अंगांना उतरणारे जिने. स्टेशन नेमकं आईच्या नाक्यावर होतं.

रविवारी मी टेप घेऊन फुटपाथ मोजायला गेले.

"काय मोजती गं?" आईनं विचारलं.

"इथं जिना उतरणार आहे. स्टेशनचा."

ती हसली. "म्हंजे गाडीतली माणसं माझ्याम्होरंच उतरणार की! पायऱ्या लय उंच ठेवू नको बाई. पिशव्या घेऊन बायकांना चढवत नाय."

मग तीच मला सांगत बसली. रिक्षा कुठे थांबतात, पावसाचं पाणी कुठल्या बाजूला तुंबतं, माणसं सावली धरून कशी चालतात. मी सगळं लिहून घेतलं. ऑफिसात जाऊन पायऱ्यांची उंची कमी केली, आणि जिन्याखाली जी जागा उरत होती तिथे भाजीवाल्यांसाठी बारा ओटे आणि पाण्याचा एक नळ काढला. त्या दिवशी घरी येताना प्रिंट आणली. आईनं हात पुसून कागद मांडीवर घेतला.

"ह्यातला माझा कोणता?"

मी कोपऱ्यातल्या ओट्यावर बोट ठेवलं.

आठवड्यानं सरांनी ड्रॉइंग तपासलं. ते रागावले नाहीत. "ओटे रेल्वेवाल्यांनी दिलेल्या यादीत नाहीत हो," ते म्हणाले. "काढून टाका." माझ्यासमोर माउस होता. मी बारा ओटे निवडले आणि काढून टाकले. पायऱ्याही उंच झाल्या, कारण बुटक्या पायऱ्यांनी जिना लांबत होता. आईला मी काही सांगितलं नाही.

पुढे काही महिन्यांनी सकाळीच महापालिकेची एक गाडी नाक्यावर आली. स्टेशनसाठी जमीन तपासायला फुटपाथ मोकळा हवा होता. आईसकट सगळ्यांना उठवलं, माल गाडीत टाकला. त्यांच्यातल्या साहेबाच्या हातात नकाशा होता. तो दाखवून साहेब म्हणाला, "मावशी, ह्यात तुमची जागा कुठंय, सांगा." आईनं कोपरा दाखवला. तिथं काहीच नव्हतं.

संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली.

"तू कागदावर ओटे काढले व्हते ना?"

"काढले होते."

"मग?"

"पुसावे लागले."

"पुसायचंच व्हतं तर मला दाखवलं कशाला?"



फुटपाथवर पत्रे ठोकले, एक खोल भोक पाडलं, मातीचे नमुने नेले. मग काम थांबलं. योजना बदलणार असल्याचं वर्तमानपत्रात आलं. पत्रे मात्र तसेच राहिले. आईनं मागच्या गल्लीत बसून पाहिलं, पण पाळीवरून येणाऱ्या बायका तिकडून जात नाहीत. दुपारपर्यंत मेथी मान टाकायची. ती मेथी घरी आणून आम्हीच खायचो. पावसाळ्यानंतर तिनं जाणं सोडलं. वाफ्यात आता भाऊ मका लावतो. आई दारात बसते आणि पाळी सुटायच्या वेळी, काही कारण नसताना, उठून उभी राहते.

गेल्या महिन्यात तेच काम पुन्हा आलं. स्टेशन दोनशे मीटर पुढे सरकलंय. "जुनीच फाईल वापरा," सर म्हणाले, "फक्त जिने हलवा." नव्या जागी कोण बसतं, ते पाहायला मी गेले नाही. फाईल उघडली आणि जिने हलवले. दुपारच्या जेवणाआधी काम झालंसुद्धा.