चुना लावलेले नमुने

झरी जामणीच्या जंगलातून मी तीन उन्हाळे दगड वाहून आणले. फुलसावंगीजवळच्या आमच्या तांड्यात त्यावर अजून हसतात. याडी, म्हणजे माझी आई, कुणी विचारलं की सरळ सांगते, पोरगी दगड फोडते. इतकी वर्षं शिकून, नावापुढे डॉक्टर लावून दगडच फोडते.

दगड काळे होते. हातात घेतले की बोटं काळी व्हायची आणि दोन दिवस साबणाला दाद द्यायची नाहीत. ते मँगनीज. त्याच्यासोबत कोबाल्ट आहे का, एवढंच मला बघायचं होतं, कारण बॅटऱ्यांना दोन्ही लागतात. देशाला ही खनिजं हवीत असं टीव्हीवर रोज ऐकते. ती शोधणारी माणसं हवीत असं मात्र कुणी म्हणत नाही.

नमुना म्हणजे वाटेत उचललेला गोटा नव्हे. तो कातळातूनच हातोडीने काढायचा, वरची कुजकी साल उडवायची, कडा मारून मुठीएवढा करायचा. मग त्यावर चिकटपट्टी लावून नंबर टाकायचा आणि वहीत त्या नंबरापुढे जागा लिहायची. पट्टी गेली की तो दगड कुठला, हे कुणीच सांगू शकत नाही. माझे सगळे नमुने एका नाल्याच्या काठचे, थरामागून थर घेतलेले. तो काठ आता खाणीतून काढलेल्या मातीच्या ढिगाखाली गेलाय, त्यामुळे परत जाऊन आणायचीही सोय नाही.

मी कॉलेजात तासिका तत्त्वावर नऊ वर्षं भूगर्भशास्त्र शिकवत होते. कायम जागेची वाट बघण्यात केस पिकले. त्या वर्षी एका दूरच्या शहरातली प्रयोगशाळा माझे नमुने तपासून द्यायला तयार झाली. त्यांचा अहवाल हातात आला की संशोधकाच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता, आणि वयाच्या अटीत बसायचं ते माझं शेवटचं वर्ष. नमुन्यांची पोती बांधून आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेमागच्या व्हरांड्यात ठेवली होती. फक्त ती पाठवण्याच्या एका कागदावर यवतमाळहून सही-शिक्का आणायचा राहिला होता.

त्याच आठवड्यात कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती. समिती आली की आमच्याकडे शिकवणं थांबतं आणि रंगरंगोटी सुरू होते. फाटकापासून ऑफिसपर्यंत वाटेच्या दोन्ही बाजूंनी दगड मांडायचे, एकाला गेरू, एकाला चुना. सुशोभीकरणाचं काम तासिकावाल्यांच्याच गळ्यात पडतं, कारण आम्हाला नाही म्हणता येत नाही. मी आमच्या जुन्या शिपायाला, चाचांना, बजावून सांगितलं, "चाचा, एकसारखे गोटे पाहिजेत, मुठीएवढे. मागच्या वेळसारखे वेडेवाकडे नकोत." आणि यवतमाळची बस धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद घेऊन परतले तर वाट नटून तयार होती. मी कौतुकाने चार पावलं चाललेसुद्धा. मग एका दगडाची कड ओळखीची वाटली. ती मीच मारलेली होती.

व्हरांड्यात धावले. रिकामी पोती घडी करून ठेवली होती आणि चिकटपट्ट्यांचा एक चिकट गोळा केरात पडला होता.

"चाचा, हे काय केलं तुम्ही?"

"काहून मॅडम? तुमीच त म्हनलं, एकसारखे पाह्यजेत. अख्ख्या कॉलेजात असे गोटे नाही भेटत. पट्ट्या काढल्या, धुतले, म्हून चुना कसा मस्त बसला पाहा."

"अहो, माझे नमुने होते ते!"

चाचांचा चेहरा उतरला. "पन तुमचा भूगर्भाचा विषय त कॉलेजात बंद झाला न? हापिसात कागद येऊन आठ दिवस झाले. मले वाटलं, तुमाले माहीत असन. बंद झाल्यावर गोटे कायले लागतात?"

मला कुणी सांगितलं नव्हतं. चाचांवर ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडायचं काय? त्यांनी माझं काम मन लावून केलं होतं. दगड इतके सारखे निघाले ते माझ्याच हाताच्या सवयीने. मला स्वतःची भयंकर चीड आली, आणि मग तीही टिकली नाही. आत काहीच उरलं नाही.

वाटेवर येऊन मी एक पांढरा दगड उचलला आणि किल्लीने खरवडला. खाली काळं लागलं, बोटं काळी झाली. मी तो उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. तीन उन्हाळ्यांत ज्यांच्याशी माणसांपेक्षा जास्त बोलले, त्यांतला हा कोणता, ते मला सांगता येईना.

फाटकाशी गाड्यांचे हॉर्न वाजले. प्राचार्य पायरीवरून ओरडले, "मॅडम, तो दगड जागेवर ठेवा, समिती आली!"

मी ठेवला. खरवडलेलं काळं उठून दिसत होतं. चाचांची चुन्याची बादली बाजूलाच होती. मी ब्रश उचलला आणि त्यावरून एक हात फिरवला.