बरोबरीला आलेला कप

माझा शेजारी जन्मभर आंबा घाटात एसटी चालवत होता. आता रविवारी माझ्या टीव्हीवर मोटारींच्या शर्यती बघतो नि वळण आलं की उजव्या पायानं फरशीवर ब्रेक दाबतो. ओव्हरटेक करताना गाड्या आपटल्या की आमचं भांडण ठरलेलं. मी म्हणतो, चूक मागच्याची, घुसला कशाला?

परवा "दाखवतो, नाना," म्हणत त्यानं माझा कप टेबलावर मांडला नि फळीवरचा माझ्या बायकोचा कप काढला. ती गेल्यापासून त्या कपाला मी कुणाला हात लावू दिला नव्हता. त्यानं तो अलगद माझ्या कपाच्या बरोबरीला आणला, धक्का लागू दिला नाही. "बरोबरीला आलेल्याला जागा द्यायची वो. नाय दिली तर चूक पुढच्याची."

तो कप मी परत फळीवर ठेवला नाही. रविवारी त्याला चहा त्यातच देणार. चूक मात्र मागच्याचीच.